उघडण्याचा हिशेब

तंजावरहून कुंभकोणमला जाणाऱ्या रस्त्यावर पापनाशम लागतं. तिथल्या बाजारात एक दुरुस्तीचं दुकान होतं. मालक म्हातारे होते आणि सगळं गाव त्यांना रायर म्हणे. तंजावर भागातल्या देशस्थ मराठी माणसाला तमिळ शेजारी याच नावाने हाक मारतात. व्यंकोजीराजांच्या मागोमाग खाली उतरलेली ही घराणी. तीनशेहून जास्त वर्षं झाली तरी घरात मराठी बोलतात, आणि ते मराठी ऐकून पुण्याचा माणूस आधी हसतो, मग दोन जुने शब्द ओळखीचे लागले की गप्प बसतो.

रायरांनी उमेदवारी केली ती रेडिओवर. मर्फी, बुश, फिलिप्स, लाकडी पेटीतले ते मोठे संच. त्यात काटा सरकवणारी एक दोरी असे. बटणाच्या दांड्याला वेढे घेऊन, दोन-तीन कप्प्यांवरून वळून, एका स्प्रिंगने ताणून धरलेली. दोरी तुटली की नवी घालायची, त्यात काही विशेष नाही. पण जुनी कुठून कशी गेली होती हे कागदावर काढून न घेता सोडली, तर अख्खी दुपार गेली म्हणून समजा. काटा हमखास उलट्या बाजूला पळे. रायरांच्या खणात अशा दोऱ्यांच्या वाटा काढलेल्या चिठ्ठ्यांचा एक गठ्ठा होता. रेडिओ गेले तरी त्यांनी तो टाकला नव्हता.

रेडिओनंतर टीव्ही आले. मग १५ सप्टेंबर २०११ पासून तमिळनाडू सरकारने विद्यार्थ्यांना फुकट लॅपटॉप वाटायला सुरुवात केली. असे लाखो लॅपटॉप गावोगाव गेले. कितीतरी घरांत आयुष्यातला पहिला संगणक आला तो असा. दादाचा लॅपटॉप ताईकडे, ताईचा धाकट्याकडे, आणि वॉरंटी संपली की सगळेच बाजारातल्या दुकानाकडे. रायरांची नजर आता बारीक कामाला पुरत नव्हती, म्हणून त्यांनी एक मुलगा हाताखाली घेतला. तो शेजारच्या तिरुप्पालैत्तुरैचा, जिथे देवळाच्या आवारात नायक राजांच्या काळचं विटांचं धान्याचं कोठार अजून उभं आहे. मुलाचा हात विलक्षण चलाख होता. रायर त्याला तंबी म्हणत, तो रायरांना अय्या म्हणे.

एकदा एक बाई लॅपटॉप घेऊन आली. ती घरी शिकवण्या घ्यायची. भावाला शाळेत मिळालेला लॅपटॉप आता ती वापरत होती. तक्रार साधी होती: पंखा घरघरतो आणि खालून चटका बसतो. दिवस सांबा भाताच्या कापणीचे. कापणीयंत्रं शेतात फिरत असली की या भागात हवेतच कोंडा असतो, आणि पंखा ओढतो ती हवाच.

“संध्याकाळी न्या, अक्का,” मुलगा म्हणाला.

या जुन्या लॅपटॉपमध्ये पंख्यापर्यंत पोचायचं म्हणजे घरातल्या सगळ्यांना उठवून मागच्या खोलीत जायचं. खालचे स्क्रू, मग वरून कीबोर्ड, त्याची रिबन, मग हात टेकायची वरची चौकट, टचपॅडची रिबन, वाय-फायच्या दोन बारीक तारा, पडद्याची केबल, आणि शेवटी मदरबोर्ड उचलला की पंखा. मुलाने हे सगळं भराभर केलं. पंखा साफ केला, प्रोसेसरवरची वाळलेली पेस्ट खरवडून नवी लावली. संध्याकाळी लॅपटॉप चालू केला तर आवाजसुद्धा येईना. बाई खूश होऊन गेली.

काही दिवसांनी परत आली. कीबोर्डची एक अख्खी ओळ मेली होती. मुलाने उघडून पाहिलं. रिबनच्या टोकाचे चकचकीत पट्टे खरवडले गेले होते, मागचा निळा आधार सुटत आला होता. कीबोर्ड बदलावा लागला. तोही त्याने उत्तम बदलला.

पुन्हा परत आली. आता वाय-फाय दारात मिळे आणि खोलीत गेलं की जाई. एक तार कार्डावर नुसती टेकून होती, दुसरी स्क्रूच्या बुंध्याखाली चिरडली होती. मुलाने दुसरी तार घातली, पहिली दाबून बसवली.

मग पडदा. झाकण अर्धं उघडलं की चित्र दिसे, पूर्ण उघडलं की आडव्या रेघा, आणखी थोडं मागे नेलं की काळोख.

“तंबी, मी काही म्हणजे काही केलेलं नाही,” बाई म्हणाली.

“जुना झालाय अक्का. जुनं मशीन असंच करतं.”

बाई चांगल्या स्वभावाची होती, पण शिकवणीची पोरं दारात बसलेली. ती म्हणाली, “याला काही दोष तरी लागलाय. एकशेआठ शिवालयांत नेऊन ठेवू का?”

हे पापनाशममधलंच देऊळ. रावणवधानंतर परतताना खर-दूषणांच्या हत्येचा दोष फिटावा म्हणून रामाने इथे शिवलिंगं स्थापली, अशी गावाची कथा आहे. गावाचं नावही त्या पापक्षालनावरून सांगतात. मारुतीला काशीहून लिंग आणायला धाडलं होतं, त्याला उशीर झाला, तोवर इकडे वाळूची लिंगं घडवून पूजा उरकली. मारुती रागावला आणि बसवलेलं लिंग त्याने शेपटीने वेढून उपटायला घेतलं.

इतका वेळ कोपऱ्यात बसलेले रायर बोलले. “अम्मा, तिथे नेऊन काय होणार? खुद्द मारुतीने ओढलं, तरी लिंग हललं नाही. तुटली ती त्याची शेपटी. आमच्या तंबीनेही तेच केलंय.”

मुलाचा चेहरा उतरला. बाईला त्यांनी चार दिवसांनी यायला सांगितलं आणि ती गेल्यावर वही काढली. दुकानाची वही रायर मराठीत लिहीत, त्यामुळे मुलाने ती कधी वाचलेलीच नव्हती. त्यांनी ती तमिळमध्ये वाचून दाखवली. पंखा: साफ केला. कीबोर्ड: बदलला. वाय-फाय: तार घातली. पडदा.

“पंखा परत आला का?”

“नाही.”

“नवा कीबोर्ड?”

“नाही, अय्या. मी केलेलं काम एकदाही परत आलेलं नाही.”

“तेच म्हणतोय मी. ज्याला तू दुरुस्त करायला हात लावलास ते सगळं धड आहे. ज्याला नुसता वाटेत हात लावलास, तेवढंच मोडत गेलंय.”

मुलगा म्हणाला की पंख्याची वाटच तशी आहे, तो तरी काय करणार. यात तथ्य होतं, आणि रायरांनी ते नाकारलं नाही. ते म्हणाले, “उघडायला कारण एक असतं, तंबी, पण हात दहा ठिकाणी लागतो. गिऱ्हाईक एका जागेची तक्रार घेऊन येतं. उरलेल्या नऊ जागा तुझ्या जामिनावर असतात. त्या आल्या तशा परत गेल्या पाहिजेत.”

बोधकथेचा बोध एवढाच. पण नुसत्या बोधावर लॅपटॉप चालत नाही, म्हणून त्या दुपारी काय झालं तेही सांगतो.

रायरांनी मुलाला त्यांच्यासमोर लॅपटॉप उघडायला बसवलं. अट एक: ज्याला हात लावायचा त्याचं नाव आधी मोठ्याने घ्यायचं, ते कसं धरून ठेवलंय ते सांगायचं, मगच बोट पुढे करायचं. मुलाने पहिल्यांदा स्क्रू-ड्रायव्हर उचलला. रायर म्हणाले, “बॅटरी.” त्याने खालचे दोन खटके सरकवून बॅटरी काढली, चार्जरची पिन काढली, सुरू करायचं बटण थोडा वेळ दाबून धरलं, म्हणजे आत साठलेली वीज उतरते. पडद्याच्या केबलमधून मागच्या उजेडाची वीज जाते. बॅटरी जोडलेली असताना ती केबल उपसली आणि तिचं टोक किंचित तिरकं निघालं, तर बोर्डावरचा एक बारीकसा फ्यूज उडतो आणि मग पडदा काळा का, हे शोधण्यात दोन दिवस जातात.

“आता फोटो काढ.” मुलाने मोबाइलने काढला. रायरांनी खणातल्या त्या दोऱ्यांच्या चिठ्ठ्या काढून दाखवल्या. मुलाला त्या आधी म्हाताऱ्याचा छंद वाटत आल्या होत्या.

कीबोर्डच्या रिबनपाशी तो थांबला. ती कशी धरली आहे, हे त्याला खरोखर सांगता येईना. इतके लॅपटॉप उघडून त्याने कधी पाहिलंच नव्हतं, तो ओढायचा आणि ती यायची. रायरांनी भिंग दिलं. कनेक्टरच्या तोंडाशी एक काळी पट्टी असते. काहींत ती नखाने वर उभी करायची, काहींत दोन्ही कडांनी अगदी किंचित पुढे सरकवायची. पट्टी उघडली की रिबन आपोआप मोकळी होते, जोर लागतच नाही. बसवताना आधी रिबन सरळ आत, मग पट्टी बंद. पट्टी न उघडता ओढली तरी रिबन येते, हीच तर गोम आहे. येते, पण टोकाचा मुलामा मागे ठेवून येते. त्या दिवशी काही कळत नाही. दमट हवेत उघडं पडलेलं तांबं हळूहळू काळं पडतं आणि काही दिवसांनी एक ओळ मरते. कावेरीच्या खोऱ्यात दमट हवेला तोटा नाही.

वाय-फायच्या तारा: तारेला धरून ओढायचं नाही, टोकाच्या धातूच्या गोल बुडाखाली प्लॅस्टिकची पट्टी घालून सरळ वर उचलायचं. लावताना बरोबर मधोमध ठेवून बोटाने दाबायचं, ‘टक्’ व्हायला हवं. इथे रायरांनी मुलाला एक आकडा सांगितला. असले जोड बनवणाऱ्या हिरोसे या जपानी कंपनीच्या माहितीपत्रकात त्यांचं आयुष्य लावणं-काढणं धरून तीस वेळा दिलंय. रिबनचे कनेक्टरही साधारण त्याच जातीचे. बाहेरच्या यूएसबीच्या साध्या भोकाला दीड हजार वेळा सोसावं लागेल असं गृहीत धरलेलं असतं. बाहेरचं भोक रोजच्या हातासाठी घडवलेलं. आतला जोड कारखान्यात एकदा बसावा आणि पुढे कधीतरी एखाद्या दुरुस्तीवाल्याने चारदोनदा हात लावावा, एवढ्याच बेताने घडवलेला.

“तीसातले किती झाले?” रायरांनी विचारलं. मुलगा बोटं मोजू लागला.

सगळ्यात जास्त वेळ गेला तो बिजागरीपाशी. पडद्याची केबल म्हणजे केसाएवढ्या तारांची जुडी, वर कापडी वेष्टण. ती बोर्डापासून निघते, प्लॅस्टिकच्या खाचांतून वळत बिजागरीपाशी येते आणि तिथून झाकणात चढते. झाकण रोज उघडतं, मिटतं, आणि प्रत्येक वेळी ही जुडी हलते. हलणं टळत नाही. म्हणून बनवणारे ती बिजागरीच्या आसाला समांतर, थोडी सैल ठेवून नेतात, म्हणजे झाकणाचा पीळ तिच्या बऱ्याच लांबीवर वाटला जातो. मुलाने मागच्या खेपेला केबल खाचेतून काढली होती आणि परत घालताना दोन खाचा सोडल्या होत्या. त्यामुळे सैल भाग बोर्डापाशी गोळा झाला, बिजागरीपाशी जुडी ताठ राहिली, आणि सगळा वाकडेपणा एकाच बिंदूवर आला. तांबं एकाच जागी पुन्हा पुन्हा वाकवलं की तिथे आधी कडक होतं आणि मग चिरतं. बाहेरचं कापड शाबूत, आतल्या चार तारा गेलेल्या.

“दोन खाचांनी एवढं?” मुलगा म्हणाला. त्याला ते अन्यायाचं वाटलं.

त्याचं चूक नाही. हे मोठमोठ्यांनाही चटकन उमगत नाही. ॲपलने २०१६ साली काढलेल्या मॅकबुक प्रोमध्ये पडद्याकडे जाणारी पट्टी इतकी मोजून-मापून घातली होती की झाकण उघडताना ती ताणली जाई. दोन-तीन वर्षांत पडद्याच्या खालच्या कडेला उजेडाचे कवडसे दिसू लागत आणि मग पूर्ण उघडला की पडदा काळा. पट्टी पडद्यालाच जोडलेली, त्यामुळे वरचा सगळा भाग बदलावा लागे. २०१८च्या मॉडेलात ती पट्टी लांब झालेली आढळली. किती? दोन मिलिमीटर. मे २०१९मध्ये कंपनीने २०१६च्या तेरा इंची मॉडेलसाठी फुकट दुरुस्ती जाहीर केली. इतकी हुशार माणसं, इतका पैसा, आणि सगळं अडलं ते दोन मिलिमीटर सैलपणावर. पापनाशमच्या मुलाने दोन खाचा चुकवल्या तर त्याला फार बोलू नये, असं मला आपलं वाटतं.

रायर बोललेही नाहीत फार. पडद्याची केबल चेन्नईच्या रिची स्ट्रीटवरून मागवली. ती येईपर्यंत मुलाकडून बिजागऱ्यांचे स्क्रू काढून, साफ करून, परत घट्ट करून घेतले. बिजागरी कडक झाली की प्लॅस्टिकचे बुंधे उखडतात आणि तिथल्या तिथे केबल चिमटते, हे त्याला तेव्हा पहिल्यांदा दिसलं. स्क्रू त्याने या वेळी कागदावर लॅपटॉपची आकृती काढून ज्याच्या त्याच्या जागी टोचून ठेवले. लांब स्क्रू आखूड स्क्रूच्या भोकात गेला तर खालची केबल नाही तर बोर्ड भोसकतो.

केबल आली. मुलाने ती एकेका खाचेत बसवली, बिजागरीपाशी हवा तेवढा सैल भाग सोडला, आणि जिथे धातूची कड घासत होती तिथे पिवळ्या कॅप्टॉन टेपचा एक तुकडा लावला. त्याला चार तुकडे लावायचे होते. रायरांनी तीन काढायला लावले, कारण टेपने जाडी वाढते आणि खाचेत केबल फुगून वर येते. काळजीलासुद्धा माप असतं. झाकण लावण्याआधी त्याने ते पूर्ण उघडून, अर्धं मिटून, पुन्हा उघडून पाहिलं आणि प्रत्येक वेळी केबल कुठे जाते ते डोळ्यांनी पाहिलं. मग फोटो काढून जुन्या फोटोशेजारी धरला.

“अय्या, असं केलं तर दिवसाला दोनच मशीन होतील.”

“आता किती होतात?”

“पाच.”

“त्यातली नवी किती आणि परत आलेली किती?”

मुलाने उत्तर दिलं नाही. त्याने मार्कर घेतला आणि चौकटीच्या आतल्या बाजूला, जिथे गिऱ्हाइकाला दिसणार नाही तिथे, चार उभ्या रेघा मारल्या. हे रायरांनी सांगितलं नव्हतं. ते त्याच्याच डोक्यातून आलं. पुढे दुकानात उघडलेल्या प्रत्येक मशीनच्या पोटात अशा रेघा पडू लागल्या. पाच रेघांचं मशीन आलं की तो आधी बाहेरूनच जेवढं कळेल तेवढं पाही. पडद्याची तक्रार असेल तर बाहेरचा मॉनिटर जोडून बघे, कीबोर्डची असेल तर यूएसबीचा दुसरा कीबोर्ड लावून बघे. निम्म्या वेळा उघडावंच लागत नसे. कुंभकोणमच्या एका दुकानातल्या पोराला या रेघा सापडल्या तेव्हा त्याला तो कारखान्यातला खुणेचा आकडा वाटला म्हणे.

बाईकडून पडद्याच्या केबलचे पैसे रायरांनी घेतले नाहीत, कीबोर्डचेही परत केले. मुलाला हे जड गेलं, कारण कीबोर्ड त्याने खरंच चांगला बसवला होता. रायर म्हणाले, “बसवण्याचे पैसे नाहीत परत केले. मोडल्याचे केलेत.” यावर दुकानात थोडा वेळ वाद झाला आणि तो मिटला नाही. दुरुस्तीच्या धंद्यात हा हिशेब सगळ्यांना पटेल असं मलाही वाटत नाही. दर महिन्याला भाडं भरणाऱ्याला विचारून बघा.

पुढच्या कापणीला बाई पुन्हा आली. या वेळी लॅपटॉप चार्जरवरून काढला की बंद पडत होता. मुलाने तो उलटा केला, दोन्ही खटके सरकवले, जुनी बॅटरी काढून नवी बसवली आणि सुरू करून दाखवला.

“आतून बघणार नाहीस?” बाई म्हणाली. “कोंड्याचे दिवस आहेत.”

मुलाने मशीनला कान लावला, मागच्या झडपेवर हात धरून हवा कशी येते ते पाहिलं, आणि मऊ ब्रशने झडपेवरचा कोंडा झाडला.

“नको, अक्का. पंखा नीट चाललाय,” तो म्हणाला, आणि बॅटरीचे पैसे सांगितले.